उजवं सिलिंडर कोणाचं

सन १९९२. मला शेहेचाळिसावं चालू होतं. गंगाखेडला एस.टी. स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाभूळ आणि तिच्या फांदीला इंजिन उचलायला बांधलेली साखळी. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण तालुक्यात कोणाचीही साडेतीनशे बिघडली की ती माझ्या बाभळीखालीच यायची. मला सगळे मिस्त्री म्हणायचे.

साडेतीनशे म्हणजे साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, पळायची मोटरसायकल. दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर. गावाच्या शिवेवर आली की घरात भाकरी थापणाऱ्या बाईला कळायचं, कोण आलं. कंपनीनं ती थोडीच वर्षं काढली. पहिल्या सालाची गाडी लय जोराची होती, पण पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. म्हणून नंतरच्या सालाला तिला शांत केली. सिलिंडरच्या आतली भोकं बदलली, धुराची वाट बारीक केली. बाहेरून बघितलं तर दोन्ही गाड्या एकच. बोल्ट बसतो, झाकण बसतं, सगळं बसतं. आणि बसतं म्हणून लोक बसवतात, मग गाडी गुदमरते आणि मिस्त्रीच्या नावानं बोंब मारतात.

त्या दिवशी दुपारी एक म्हातारा माणूस गॅरेजवर आला. पांढरा पटका, हातात छत्री. सोनपेठकडच्या एका गावात दोन भाऊ होते, त्यांचा हा मामा. त्या दोघांच्या बापाची साडेतीनशे मी कित्येक वर्षं सांभाळत होतो. बाप मागच्या साली वारला होता.

"मिस्त्री, हत्यारं घ्या आन चला," मामा म्हणाला. "पोरांची वाटणी चालू हाय. गाडी फोडायचीय."

"मी गाड्या जोडतो मामा. फोडत न्हाई."

"त्ये तिथं सांगा. तुमच्यावाचून अडलंय."

काय अडलंय ते त्यानं बसमध्ये सांगितलं. त्या गोष्टीचा साक्षीदार आता मी एकटाच उरलो होतो. दुसरा होता मेलेला बाप.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी बापाची गाडी पळता पळता जाम झाली. उजव्या बाजूचा पिस्टन फुटला आणि फुटता फुटता सिलिंडर आतून फाडून गेला. गाडी पहिल्या सालाची. त्या सालाचं सिलिंडर परभणीला नाही, नांदेडला नाही, हैदराबादच्या जुन्या बाजारात माणूस पाठवला तर तिथंही नाही. तेव्हा धाकटा मुलगा परभणीला जिनिंगमध्ये कामाला होता. त्यानं स्वतःच्या कमाईतून तिथं एक अपघाताची साडेतीनशे घेतली होती. पुढचं चाक वाकडं, टाकी चेपलेली, पण इंजिन शाबूत. ती नंतरच्या सालाची. बाप मला म्हणाला, "धाकट्याच्या गाडीचं उजवं सिलिंडर काढ आन माज्या गाडीला लाव." मी म्हणलो, बसंल, पण चालणार नाही. डावी बाजू एक बोलंल, उजवी दुसरं. बाप म्हणाला, "मग तिला शिकव."

मी शिकवली. फुटक्या जुन्या सिलिंडरच्या आतून ग्रीस लावून कागद दाबला आणि त्याच्या भोकांची छाप घेतली. ती छाप नव्या सिलिंडरच्या आत धरायची, आणि जिथं भोक लहान तिथं बारीक कानशीनं घासायचं. थोडं घासायचं, बोट फिरवायचं, पुन्हा घासायचं. जास्त गेलं तर परत येत नाही. असं करून ते सिलिंडर मी जुन्या मापाला आणलं. दोन्ही बाजू एका आवाजात बोलायला लागल्या तेव्हा मी त्या दिवशी दुसरं कामच घेतलं नाही. माझ्या हातून त्याच्या आधी तसं काम झालं नव्हतं. त्या सिलिंडरला आता साल राहिलं नव्हतं. ते नव्या गाडीला परत लावलं तर चालणार नव्हतं, आणि जुन्या गाडीतून काढलं तर ती गाडी मेली.

गाडी नेताना बाप जे म्हणाला ते मला आवडलं नव्हतं. "मोठ्याला सांगू नको. धाकट्याचा पार्ट म्हणलं की तो गाडीला हात लावणार न्हाई. मी सांगतो, हैदराबादहून आणलं म्हणून." मी हो म्हणलो नव्हतो. पण नाही पण म्हणलो नव्हतो.

त्यांच्या वाड्यावर पोचलो तर अंगणात माणसं भरलेली. भाऊबंद, चार पंच, भिंतीवर बसलेली पोरं. भांड्यांचे दोन ढीग, औतं दोन बाजूला. आमच्याकडं रीत अशी की मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं त्यातला एक उचलायचा. म्हणजे मोठा वाटे सारखेच पाडतो, कारण कोणता हातात राहील ते त्याला माहीत नसतं. रीत चांगली आहे. पण माणसं इरेला पेटली की रीतीचंही हत्यार होतं. सकाळी त्यांनी घरातली लांब लाकडी शिडी करवतीनं मधून कापली होती. दोन तुकडे भिंतीला लावून ठेवले होते, आणि दोन्हीपैकी एकही माळवदाच्या छपराला पोचत नव्हता. करवत अजून तिथंच पडलेली.

मधोमध गाडी उभी होती. पलीकडं धाकट्याचा सांगाडा, इंजिन निम्मं उघडं, त्यावर पोतं.

माझ्यासाठी कोणीतरी चहा आणायला सांगितला. मी म्हणलो, नको. त्या घरी मी कधीच चहा घेत नसे. का, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. विद्यापीठाचं नामांतर अजून झालेलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली मी बत्तीस वर्षांचा होतो. तेव्हा त्याच्या दंगलीत आमच्या वस्तीत माझ्या दुकानाची टपरी जळाली. हत्यारांचं लोखंड राहिलं होतं, लाकडी मुठी गेल्या होत्या. तीच हत्यारं नवीन मुठी बसवून मी पिशवीत घेऊन आलो होतो. त्या अंगणात पोरांची नजर गाडीवर कमी आणि माझ्यावर जास्त होती.

मोठा भाऊ ओसरीच्या कडेला बसला होता. दांडगा गडी, डोळे लाल. तो मला तू म्हणायचा, मी त्याला तुमी म्हणायचो. पण मालक म्हणायचो नाही.

"मिस्त्री, चारचौघांत सांग," तो म्हणाला. "ही गाडी माज्या बापाची. बुक माज्या नावावर. वाटणीत धरायचा सवालच न्हाई. हा म्हणायलाय, निम्मं इंजिन माजं हाय. हाय का?"

धाकटा सांगाड्याजवळ उभा होता. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

खोटं बोलणं सोपं होतं. सगळं बापाचं म्हणलो असतो तर गाडी मोठ्याकडं गेली असती, कोणी तिला पाना लावला नसता, आणि माझं काम वाचलं असतं. खरं सांगितलं तर गाडी वाटणीत येणार, आणि वाटणीत आली की शिडीसारखी होणार.

"उजवं सिलिंडर धाकट्याच्या गाडीचं हाय," मी म्हणलो. "मी बसवलंय."

मोठा उठून उभा राहिला.

"माजा बाप म्हणला, हैदराबादहून आणलं."

"मी बापाचं काय सांगत न्हाई. सिलिंडर कुठलं त्ये सांगायलोय."

"म्हंजी माजा बाप खोटा आन तू खरा?"

मी गाडीकडं बघत उभा राहिलो.

एक पंच, कानात बिगबाळी घातलेला, मांडी ठोकून म्हणाला, "आरं, मग सोपं हाय. बेल-भंडारा आणा. उचलंल आन शपथेवर सांगंल."

आतून परात आली. भंडारा, बेलाची पानं. माझ्यासमोर ठेवली.

"उचल मिस्त्री."

"मी भंडारा उचलत न्हाई."

"कामून?"

"तुमाला म्हाईत हाय कामून."

भिंतीवरचा एक जण म्हणाला, "देव न्हाई ह्यांला, मग खऱ्याचं काय?" दोघंतिघं हसले. एक खाली उतरला आणि अंगणाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. माझ्या परतीच्या वाटेवर. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानंही बघितलं.

खरं म्हणजे पुरावा माझ्या पिशवीत होता. त्या जुन्या सिलिंडरची कागदावरची छाप मी टाकली नव्हती. पिशवीच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवली होती, ग्रीसनं काळी झालेली. मोठ्याला गाडीतलं बरंच कळायचं. उजवं सिलिंडर उघडून कानशीचे ओरखडे आणि छाप दाखवली असती तर त्याला मानावं लागलं असतं. पण माझा हात पिशवीकडं गेला नाही. कागद दाखवून मला खरं व्हायचं नव्हतं. हट्ट म्हणा. बायको पुढं लय वर्षं म्हणत राहिली, त्या दिवशी जीवानिशी गेला असतात त्या हट्टापायी. पण आज पुन्हा ती परात समोर आली तरी मी तसंच करीन.

"दादा," मी मोठ्याला म्हणलो. "ह्या गाडीवर तुमी बायकोला, लेकराला बसवून परभणीला जाता का न्हाई?"

"मग?"

"पिंगळीच्या सरळ रस्त्याला किती पळवता?"

सगळ्या गावाला माहीत होतं किती पळवतो.

"ब्रेक लागंल, चाक निघणार न्हाई, इंजिन मधीच जाम व्हणार न्हाई, हे तुमाला कोणी सांगितलं? म्या सांगितलं. 'जावा, गाडी ठीक हाय', एवढंच म्हणत व्हतो म्या. तवा माज्यापुढं परात आणली व्हती का? लेकरू टाकीवर बसवून निगालात नुसत्या शब्दावर. त्योच शब्द हाय ह्यो. दुसरा न्हाई माज्याकडं."

कोणी हसलं नाही. भंडाऱ्याच्या परातीवर माशी बसली होती, ती हाकलायलाही कोणाचा हात हलला नाही. मोठ्याच्या मानेची शीर उडत होती. मला वाटलं आता हा येणार अंगावर. पिशवीतला मोठा पाना कुठं आहे ते मी बोटानं चाचपून ठेवलं.

मामानं परात उचलली आणि स्वतःच्या मागं ठेवली.

"उजवं सिलिंडर धाकट्याचं," तो म्हणाला. "गाडी वाटणीत हाय. फुडं चला."

"मग फोड," मोठा माझ्यावर ओरडला. "त्याचं त्याला काढून दे. माजं मला ऱ्हाऊ दे. चालो न्हाईतर मरो."

आता मला त्याचं कळलं. गाडी अख्खी एका वाट्यात टाकली तर उचलायचा हक्क धाकट्याचा. बापाची गाडी भावाच्या हाती जाण्यापेक्षा ती कोणाचीच नको. लोभ नव्हता तो. त्याच गाडीवर बापानं त्याला शिकवलं होतं, ते मी बघितलेलं.

मी गाडीजवळ गेलो. न्यूट्रल केली आणि किक मारली. दोन किकमध्ये लागली. वाड्याच्या भिंतीतून आवाज घुमला, पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. मग मी उजव्या प्लगची टोपी ओढून काढली. गाडी लंगडायला लागली. अंगात कापरं भरल्यासारखी हलायला लागली. टोपी बसवली, डावी काढली. तीच गत. दुसरीही बसवली, तेव्हा पुन्हा आवाज भरून आला. तशीच बराच वेळ चालू ठेवली. मुद्दाम. मग बंद केली.

"आता फोड," मोठा म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"तापलेलं इंजिन मी उघडत न्हाई. वाकडं व्हतं. गार व्हऊ द्या."

हे खरं होतं. त्याच्यात माझी चाल होती हे पण खरं.

आम्ही सगळे इंजिन गार व्हायची वाट बघत बसलो. असा वेळ मी पुन्हा कधी काढला नाही. लोखंड गार होताना बारीक टिक टिक वाजतं, तेवढाच आवाज. मोठा ओसरीवर, धाकटा सांगाड्याशी, मी मध्ये गाडीला पाठ लावून. दारातला तो गडी अजून दारातच. मोठा मधूनमधून त्या करवतीकडं बघायचा आणि मी त्याच्याकडं. त्यानं करवत उचलली असती तर मी काय केलं असतं? गाडीच्या आडवा झालो असतो, एवढं माझं तेव्हाच ठरलेलं होतं. परक्याच्या गाडीसाठी. बायको म्हणते ते खोटं नाही.

सावली अंगण ओलांडून भिंतीवर चढली. मामानं येऊन इंजिनला हात लावला.

"गार झालं."

मी पाना काढला. पहिल्या नटावर पाना बसवला.

"थांबा मिस्त्री," धाकटा म्हणाला. मी आल्यापासून त्याचा पहिला शब्द. मग भावाकडं वळला. "दादा, उजवं सिलिंडर माजं हाय एवढं तू तोंडानं म्हण. ह्या सगळ्यांम्होरं. मग गाडी फोडू नको. एका वाट्यात ती ठेव, एका वाट्यात माजा सांगाडा ठेव."

"आन उचलणार कोण? तूच!"

"म्हण तर."

मी पाना तसाच धरून ठेवला होता, माझा दंड भरून आला. मोठ्याला भावापुढं हरायचं नव्हतं, पण त्याहून अवघड दुसरंच होतं. ते म्हणायचं म्हणजे माझा शब्द खरा, आणि बापाचा नाही. आणि तेही परातीशिवाय.

तो उठला. गाडीजवळ आला. कोणाकडं बघितलं नाही, टाकीकडं बघून म्हणाला, "उजवं त्याचं हाय."

मामानं विचारलं, "वाटे पडले?"

"पडले."

"उचल," मामा धाकट्याला म्हणाला.

धाकटा चालत गेला आणि सांगाड्यावरचं पोतं ओढून काढलं. त्याच्या हँडलला हात लावला.

भिंतीवरून कोणीतरी म्हणालं, "येडा झाला का रं!" मोठा भाऊ तिथंच उभा, आणि त्याचं तोंड असं झालं की जणू मारायला उचललेला हात तसाच वर राहिला. मी नटावरचा पाना काढून पिशवीत टाकला. दारातला गडी कधी गेला ते मला कळलं नाही.

शेवटची बस गेलेली. धाकट्यानं सांगाडा बैलगाडीत घालून माझ्याकडं पाठवायचं ठरवलं. मी पायी निघालो तर मागून गाडी आली. मोठा भाऊ.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. गाडी जोरात नेली त्यानं, रागात असल्यासारखी, आणि मी सारा रस्ता उजव्या बाजूचा आवाज ऐकत बसलो. कुठं चुकला नाही. गंगाखेडला माझ्या बाभळीखाली त्यानं गाडी उभी केली. मी उतरलो. त्यानं बंद केली नाही, समोर बघत विचारलं, "उजवं किती दिवस टिकंल?"

"मला इचारून चालवली तर लय दिवस."

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते अंधारात कळलं नाही. गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याच्या सांगाड्यासाठी मी पहिल्या पॅसेंजरनं परभणीला गेलो. भंगारवाल्याचं दुकान उघडायच्या आधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. त्यानं फळी काढल्यावर मी म्हणलो, साडेतीनशेचं सिलिंडर पाहिजे, उजवं, कोणत्याही सालाचं. त्यानं एक गंजकं बाहेर काढलं. त्या सांगाड्याचं डावंही ह्याच मापाला आणायचं ठरवून मी पिशवीतली छाप उलगडली, त्याच्या आत धरली, आणि कुठं किती घासावं लागंल ते खडूनं मांडायला लागलो.